तास सगळे मोजतात, वर्षं कोण मोजणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विषय: महागडे वायरलेस हेडफोन आणि त्यांच्या बॅटरीचं आयुष्य

आपल्या रविवारच्या पुरवणीत महागड्या वायरलेस हेडफोनची तुलना आली होती, ती मी दोनदा वाचली, कारण मी स्वतः सध्या त्याच विचारात आहे. लेख चांगला होता, मेहनत दिसत होती. पण बॅटरीचा विषय आला की फक्त तास. अॅपलच्या एअरपॉड्स मॅक्सचे २० तास, बोसच्या क्वाएटकम्फर्ट अल्ट्राचे २४, सोनीच्या डब्ल्यूएच-१०००एक्सएम५ चे ३०, सेनहायझरच्या मोमेंटम ४ चे ६०, आणि ज्याचे तास जास्त त्याला जास्त मार्क. मला एवढंच म्हणायचंय की तीस-पस्तीस हजारांची वस्तू घेणाऱ्या माणसाला तासांपेक्षा वर्षांची काळजी असते, आणि वर्षांबद्दल लेखात एक ओळ नव्हती. म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

मी पुण्यात राहते, आठवड्यातून दोन दिवस मुंबईच्या ऑफिसला जाते, सकाळी ७:१५ ची डेक्कन क्वीन. जायला तीन तास, यायला तीन तास, आणि हे तीन तास म्हणजे माझा गाणं ऐकायचा हक्काचा वेळ, घरी तो मिळतच नाही. मी शास्त्रीय संगीत शिकतेय, बरीच वर्षं झाली, त्यामुळे हेडफोन ही माझ्यासाठी चैन नाहीये, तो रियाजाचा भाग आहे. २०२० च्या शेवटी मी एका नामांकित कंपनीचा हेडफोन घेतला, सत्तावीस हजारांना, तेव्हा घरात सगळ्यांनी डोळे मोठे केले होते. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण दुसऱ्या कंपन्यांचे हेडफोन वापरणाऱ्या मैत्रिणींची गोष्ट यापेक्षा काही फार वेगळी नाही.

पहिली तीन वर्षं खरंच सुखाची गेली. पुण्याहून निघताना कानावर चढवला की डब्याचा तो घुमणारा आवाज एकदम खाली बसायचा, जसं कोणीतरी शेजारच्या खोलीचं दार लावून घेतलं. हे नॉइज कॅन्सलिंग कसं चालतं ते समजून घेतल्यावर मला त्याचं जास्तच कौतुक वाटायला लागलं. कपाच्या बाहेर छोटे माइक असतात, ते बाहेरचा आवाज टिपतात आणि आतला प्रोसेसर त्याच्या बरोबर उलटी लाट तयार करून कानात सोडतो, दोन्ही लाटा एकमेकींना मारतात. ही कल्पना बोस कंपनीचे संस्थापक अमर बोस यांना १९७८ मध्ये झुरिकहून बॉस्टनला जाताना विमानात सुचली, म्हणजे विमानात दिलेल्या हेडफोनमध्ये इंजिनाच्या आवाजामुळे काही धड ऐकू येईना म्हणून त्यांनी तिथेच बसल्या बसल्या गणितं मांडली. त्यांचे वडील बंगालचे, स्वातंत्र्यचळवळीत होते म्हणून देश सोडून अमेरिकेत गेलेले. पुढे साध्या ग्राहकांसाठीचा पहिला क्वाएटकम्फर्ट बाजारात यायला २००० साल उजाडलं, म्हणजे २२ वर्षं लागली या गोष्टीला. तर हे तंत्र सलग, खालच्या आवाजावर फार छान चालतं, रेल्वेची घरघर, विमानाचं इंजिन, एसी, पंखा. माणसाचा आवाज मात्र बऱ्यापैकी आत येतोच. डेक्कन क्वीनमध्ये गाडीचा खडखडाट गायब होतो आणि कटलेटवाल्याची हाक तेवढी स्पष्ट ऐकू येते, ते मला आवडतं खरं तर.

याचा एक फायदा कोणी सांगत नाही तो इथे सांगते. बाहेरचा आवाज कमी झाला की आपण व्हॉल्युम कमी ठेवतो. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा आहे की मोठ्या माणसाने ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकलं तर चालतं, लहान मुलांसाठी तीच मर्यादा ७५ डेसिबल. लोकलमध्ये साध्या इअरफोनवर गाणं ऐकायचं तर गाडीच्या आवाजावर मात करायला आपण सहज त्याच्या वर जातो आणि आपल्याला कळतही नाही. कानाने गाणं शिकणाऱ्या माणसाला कान गेले तर काय उरलं? म्हणून मी महागड्या हेडफोनच्या विरोधात अजिबात नाहीये, उलट ज्यांचा रोजचा प्रवास मोठा आहे त्यांनी जमलं तर घ्यावा असंच सांगेन.

आता आवाजाबद्दल. लेखात बास, ट्रेबल, साउंडस्टेज असं सगळं होतं आणि टेस्ट इंग्रजी पॉप आणि हिंदी सिनेमाच्या गाण्यांवर केलेली. माझी विनंती आहे की पुढच्या वेळी एकदा तरी तानपुऱ्यावर टेस्ट करा. आमच्या क्लासमध्ये मिरजेचा तानपुरा आहे, त्याच्या चार तारा छेडल्या की प्रत्येक तारेची सुरुवात वेगळी कळते आणि मग जवारीतून, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीवरून, जो झणत्कार उठतो तो हळूहळू उलगडत जातो, वरचे स्वर एकामागून एक डोकावतात, गंधार तर कोणी न वाजवता ऐकू येतो. चांगल्या हेडफोनमध्ये हे सगळं जसंच्या तसं येतं. वाईट हेडफोनमध्ये, मग तो महाग असला तरी, तानपुऱ्याचा एक सरसकट गुंजारव होतो, मागे फ्रिज चालू असल्यासारखा. दुसरी परीक्षा डग्ग्याची. तबलजी डग्ग्यावर मनगट दाबून घिस्सा मारतो तेव्हा तो आवाज खालून वर सरकतो, त्यात स्वर असतो, तो नुसता धप्प नसतो. आजकाल बहुतेक वायरलेस हेडफोनची ठेवण बास फुगवलेली असते कारण दुकानात पाच मिनिटं ऐकणाऱ्याला तेच भारी वाटतं, आणि त्या फुगवण्यात डग्ग्याचा घुमारा गायकाच्या खर्जावर चढून बसतो. तान घेण्याआधी गायक श्वास घेतो तो, हार्मोनियमच्या भात्याची सूं सूं, या गोष्टी ऐकू आल्या पाहिजेत, त्यात मैफिलीचा जीव आहे. माझ्या हेडफोनमध्येही बास जास्तच होता, मी अॅपमध्ये जाऊन इक्वलायझरवर खालच्या दोन पट्ट्या बऱ्याच खाली ओढल्या तेव्हा कुठे विलंबित ख्याल ऐकण्यासारखा झाला. सोनी, सेनहायझर यांच्या अॅपमध्ये ही सोय आहे, लोक वापरत नाहीत. घेतल्यावर पहिल्या दिवशी हे करा.

कोडेक म्हणजे ब्लूटूथवरून आवाज दाबून पाठवायची पद्धत, तिच्या नावाखाली जे पैसे मागितले जातात त्याबद्दलही थोडं. एलडॅक नावाचं सोनीचं कोडेक सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत जातं, सीडीचा आकडा १४११ आहे, म्हणजे ब्लूटूथसाठी हे चांगलंच म्हणायचं. पण आयफोनमध्ये एलडॅक चालतच नाही, तिथे एएसी किंवा एसबीसी, बस. म्हणजे आयफोनवाल्याने एलडॅकसाठी जास्त पैसे मोजले तर ते पाण्यात. आणि अँड्रॉइडवर एलडॅक पूर्ण ताकदीने चालवलं की बॅटरी लवकर उतरते, बॉक्सवरचे तास तेव्हा मिळत नाहीत. शिवाय आपण ऐकतो काय? मी तरी निम्म्याहून जास्त जुनी रेकॉर्डिंग ऐकते, आकाशवाणीच्या टेपा, कोणीतरी मैफिलीत समोर बसून केलेली कॅसेट, ती पुढे कोणीतरी यूट्यूबवर टाकलेली. मुळात टेपमध्ये जे नाही ते कुठल्याही कोडेकने येणार नाही. तिथे ड्रायव्हर, म्हणजे कपातला छोटा स्पीकर, किती स्वच्छ आहे आणि बास किती आवरता येतो हेच महत्त्वाचं.

बरं, आता मूळ मुद्द्यावर येते. चौथ्या वर्षी माझ्या हेडफोनचे तास घसरायला लागले. आधी ३० होते ते २० झाले, मग १२, आणि गेल्या उन्हाळ्यात मुंबईहून परत येताना खंडाळ्याच्या घाटात, बोगद्यांच्या मधेच, हेडफोनमधली बाई बोलली "बॅटरी लो" आणि दहा मिनिटांत सगळं बंद. सकाळी फुल्ल चार्ज करून निघालेले. त्याच सुमाराला कानाच्या गाद्यांचे काळे पापुद्रे सुटायला लागले, केसात, ओढणीवर, कानाच्या मागे चिकटायचे, ऑफिसात एकीने विचारलं की तुझ्या कानाला काय लागलंय.

सर्व्हिस सेंटरला गेले. तिथल्या मुलाने नम्रपणे सांगितलं, मॅडम, या मॉडेलची बॅटरी आम्ही वेगळी बदलून देत नाही, जुना पीस जमा करा, नव्यावर डिस्काउंट बसेल. मी विचारलं बाकी सगळं चांगलं आहे ना? तर म्हणाला हो, ड्रायव्हर एकदम चांगले आहेत. म्हणजे ज्याच्यासाठी मी सत्तावीस हजार दिले ती गोष्ट ठणठणीत, आणि आतला एक छोटा सेल म्हातारा झाला म्हणून सगळंच टाकायचं. मला ते पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर वाईट वाटलं, त्या हेडफोनवर मी किती बंदिशी बसवल्यात.

शेवटी बुधवार पेठेत तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, गेले. एका दोन-माणसांच्या दुकानात दाखवला. त्यांनी गाद्या काढल्या, प्लॅस्टिकची पातळ पट्टी घालून आतलं कव्हर उचकटलं, चार स्क्रू खोलले, आणि आत बघते तर एवढुसा चपटा सेल, साधारण सुपारीच्या डबीएवढा, वर ३.७ व्होल्ट लिहिलेलं, तीन वायरींचं कनेक्टर. सेल मधोमध फुगला होता, बोटाने कळत होतं. ते काका म्हणाले, ताई, हा अजून चालवला असता तर कव्हरच फाटलं असतं. त्यांनी प्रोटेक्शन सर्किटवाला तसाच सेल मागवला, दोन दिवसांनी बसवला, गाद्या नव्या लावल्या, सगळं मिळून दोन हजारांच्या आत. त्यानंतर परत २५-२६ तास मिळतायत. लोकांनी घरी हे करू नये, लिथियमचा सेल चुकून टोचला गेला तर पेट घेतो, पण जाणकार माणसाला हे अर्ध्या तासाचं काम आहे, मी समोर बसून बघितलंय.

मग मी जरा वाचलं, आणि तासांच्या आकड्याकडे बघायची माझी नजर बदलली. लिथियम आयन सेल साधारण ३०० ते ५०० पूर्ण चार्जिंगनंतर मूळच्या ८० टक्क्यांवर येतो असं धरतात. पूर्ण चार्जिंग म्हणजे शंभर टक्के वापर, अर्धा अर्धा दोनदा केला की एक. आता रोज तीन तास ऐकणारा माणूस घ्या. २० तासांच्या हेडफोनला वर्षाला ५५ चार्जिंग लागतील, ३० तासांच्याला ३६, ६० तासांच्याला १८. कानात घालायच्या त्या छोट्या बड्सची एका वेळची बॅटरी सहा तास धरली तर वर्षाला १८०, म्हणून ते बिचारे तिसऱ्या वर्षी दमतात. म्हणजे ६० तासांचा खरा फायदा काय, तर सेल सावकाश झिजतो आणि झिजला तरी ८० टक्क्यांवर ४८ तास उरतात. एका दिवसात ६० तास ऐकायचेत कोणाला? मुंबई-न्यूयॉर्क सलग विमान घेतलं तरी १६ तासांच्या आसपास, वीसवाल्यालाही ते जमतं. आणि फास्ट चार्जिंगही आहेच, सोनी १०००एक्सएम५ ला योग्य चार्जर असेल तर तीन मिनिटांत तीन तासांचं ऐकणं होतं, म्हणजे दाराशी चपला घालेपर्यंत पुण्याहून मुंबई झाली.

मग ३० तासांचा माझा हेडफोन वर्षाला ३६ चार्जिंगच्या हिशोबाने दहा-बारा वर्षं जायला हवा होता, पाचव्या वर्षी का मेला? कारण सेल वापराने जसा झिजतो तसा नुसता बसूनही झिजतो, आणि शंभर टक्के भरलेला आणि गरम असेल तर फारच लवकर. घरून काम चालू होतं तेव्हा मी तो दिवसभर लॅपटॉपला लावून ठेवायचे, कायम फुल्ल. दोन उन्हाळे गाडीत राहिला, मे महिन्यात, काचा बंद. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. बॉक्समधल्या कागदावर बारीक अक्षरात असेल कदाचित, दुकानात तर कोणीच सांगत नाही. आता मी ऐंशी टक्क्यांवर वायर काढते, आणि काही दिवस वापरायचा नसेल तर अर्धा भरून कपाटात ठेवते, पूर्ण रिकामा करून ठेवत नाही कारण सेल अगदी तळाला जाऊन पडून राहिला तर परत उठतच नाही. तुमच्या वाचकांना एवढं जरी कळलं तरी कित्येकांचे हेडफोन दोन-तीन वर्षं जास्त जातील.

पैशाचा हिशोब पण असाच करायला हवा. ३० हजारांचा हेडफोन तीन वर्षांत टाकला तर रोजचे २७ रुपये पडतात. सहा वर्षं वापरला आणि मधे दोन हजार घातले तरी रोजचे १५ च्या आत. एअरपॉड्स मॅक्स भारतात ५९,९०० ला आला होता, त्याला हाच हिशोब लावून बघा, आणि हेही बघा की अॅपलने अमेरिकेत त्याच्या बॅटरी बदलाचा दर ७९ डॉलर असा उघड जाहीर केलेला आहे. म्हणजे दर जाहीर करता येतो! तारेच्या हेडफोनच्या दुनियेत तर हे नेहमीचंच. सेनहायझरचा एचडी ६०० हा १९९७ सालचा हेडफोन अजून विकला जातो, त्याची वायर, गाद्या, सगळं घरच्या घरी बदलता येतं. घरी शांत खोलीत ऐकणार असाल तर मी अजूनही सांगेन की निम्म्या पैशात चांगला तारेचा घ्या, आवाज जास्त चांगला मिळेल आणि मरायला बॅटरीच नाही. पण गाडीत त्याचा उपयोग नाही, तिथे वायरलेस आणि नॉइज कॅन्सलिंगच हवं.

युरोपियन युनियनने २०२३ मध्ये बॅटऱ्यांचा नवा कायदा केला. त्याप्रमाणे १८ फेब्रुवारी २०२७ पासून, थोडे अपवाद सोडले तर, अशा छोट्या उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आली पाहिजे, बाजारात मिळणाऱ्या साध्या हत्यारांनी, आणि मॉडेल बंद झाल्यावरही किमान पाच वर्षं सुटी बॅटरी रास्त दरात मिळाली पाहिजे. फेअरफोन नावाच्या डच कंपनीने तर त्याच वर्षी फेअरबड्स एक्सएल नावाचा डोक्यावरचा हेडफोन काढून दाखवला, त्याची बॅटरी काढून दुसरी घालता येते. आपल्याकडे ग्राहक व्यवहार खात्याने २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, राइट टू रिपेअर पोर्टल सुरू केलं, मोबाइल, इलेक्ट्रॉनिक्स, गाड्या, शेतीची अवजारं, सगळं त्यात येतं. चांगली सुरुवात आहे, मनापासून सांगते. पण पोर्टलवर माहिती टाकणं कंपनीच्या मर्जीवर राहिलं तर तपकीर गल्लीतल्या काकांना ना मूळ सेल मिळणार ना सर्किटचा नकाशा, ते अंदाजाने आणि हाताच्या गुणावर काम करत राहणार. आणि ज्या गावात तपकीर गल्ली नाही तिथल्या माणसाने काय करायचं? माझी मामेबहीण कणकवलीला असते, तिकडच्या दमट हवेत तिच्या हेडफोनच्या गाद्या दीड वर्षात सुटल्या, बदलायच्या तर कुरिअरने कोल्हापूर नाहीतर मुंबई.

नवीन घ्यायचा का या विचारात मी मागच्या महिन्यात तीन दुकानं फिरले. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारला, पाच वर्षांनी याची बॅटरी कोण बदलून देईल आणि किती घेईल. तिन्ही ठिकाणची मुलं चांगली होती, एकाने तर दोन ठिकाणी फोन लावले, पण उत्तर कोणाकडेच नव्हतं. एक्सचेंज ऑफर मात्र तिघांनीही सांगितली.

म्हणून संपादक महोदय, आपल्याला आणि लेख लिहिणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. पुढच्या वेळी हेडफोनची तुलना छापाल तेव्हा तासांच्या शेजारी अजून एक रकाना ठेवा, बॅटरी बदलून मिळते का, कुठे, किती रुपयांत, आणि गाद्या सुट्या मिळतात का. कंपनीला मेल करून विचारा, वर्तमानपत्राच्या मेलला उत्तर येतं, माझ्या मेलला येत नाही. उत्तर नाही आलं तर रकान्यात "उत्तर दिले नाही" असंच छापा. एक हेडफोन वर्षभर वापरून परत त्याच्याबद्दल लिहा, तेव्हा किती तास उरलेत ते. आणि एक संध्याकाळ तानपुरा लावून ऐका, रेकॉर्डिंग लागलं तर मी पाठवते.

आपली नियमित वाचक,
कोथरूड, पुणे